किल्लीविना कुलूप: छंद आणि अडचण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलपे उघडण्याच्या छंदाविषयी, आणि किल्ली आत राहून दार बंद झाल्यावर काय करावे याविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. पहिले आठ प्रश्न आणि शेवटचा छंदाचे आहेत, उरलेले अडचणीचे. टेबलावर बसून सावकाश उघडायचे कुलूप आणि रात्री जिन्यात उभे राहून उघडायचे कुलूप यांचे नियम वेगळे आहेत, आणि माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक नुकसान या दोहोंची गल्लत केल्यामुळेच झालेले आहे.

१. हा छंद म्हणजे नेमके काय? लोकांना चोरी शिकवण्यासारखे नाही का हे?

आपल्या मालकीचे कुलूप किल्लीशिवाय, न तोडता, त्याची आतली रचना हाताने ओळखून उघडणे, एवढाच हा छंद आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९९७ साली अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन झाली आणि नेदरलँड्समध्ये ‘टूल’ ही संघटना उभी राहिली. तिकडे याच्या स्पर्धाही होतात. जगभरचे हौशी लोक दोन नियम पाळतात. जे कुलूप आपले नाही आणि ज्याच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली नाही, त्याला हात लावायचा नाही; आणि जे कुलूप प्रत्यक्ष वापरात आहे, ते आपले असले तरी त्यावर सराव करायचा नाही. दुसऱ्या नियमाचे कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे.

चोरीचा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र घरफोडीच्या बातम्या वाचल्या तर कडी-कोयंडा उचकटला, गज कापले, कुलूप तोडले, असेच वर्णन सापडते. कुलपातल्या पिना एकेक करून बसवण्याइतकी (प्रश्न ३) सवड चोराला नसते आणि त्याला तिची गरजही पडत नाही. शिवाय दोष झाकून ठेवल्याने कुलूप मजबूत होत नाही, हे १८५१ सालीच सिद्ध झाले आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस लावले होते, आणि कित्येक दशके ते कोणालाही जमले नव्हते. त्या वर्षी भरलेल्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कारागिराने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध ‘डिटेक्टर’ कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले आणि मग ब्रामाचे कुलूप १६ दिवसांत विभागलेल्या ५१ तासांच्या कामानंतर उघडले. इंग्रज कुलूपकारांना ते झोंबले, पण पुढची कुलपे सुधारली ती त्यामुळेच.

२. अशी हत्यारे घरात ठेवणे बेकायदा आहे का? पोलिसांनी विचारले तर?

कुलूप उघडण्याची हत्यारे बाळगणे हा स्वतःहून गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. कायदा पाहतो तो हेतू आणि प्रसंग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये आहे, आणि गृह-अतिक्रमण करण्यासाठी कुलूप उघडणे हा त्या व्याख्येतलाच एक प्रकार आहे. म्हणजे काहीही न तोडता, कौशल्याने उघडून आत शिरले तरी ती घरफोडीच ठरते. ‘मी काही तोडले नाही’ हा बचाव चालत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी आणखी एक तरतूद नीट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात घरफोडीचे साधन कायदेशीर सबबीशिवाय जवळ आढळणे हा गुन्हा आहे, आणि सबब खरी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर आहे. त्यामुळे हत्यारे घरीच, सरावाच्या कुलपांबरोबर एका डब्यात ठेवावीत. खिशात, दुचाकीच्या डिकीत किंवा कॉलेजच्या बॅगेत टाकून हिंडू नये. मित्राकडे सरावाला न्यायची असतील तर दिवसा न्यावीत आणि सरावाची कुलपेही सोबत असावीत. पोलिसांनी विचारले तर जे खरे आहे ते सरळ सांगावे. इतर राज्यांत आणि परदेशात नियम वेगळे असू शकतात. परदेशासाठी प्रश्न २० पाहावा.

३. किल्ली नसताना कुलूप उघडतेच कसे?

याचे उत्तर समजले की छंदाचा निम्मा भाग समजला, म्हणून येथे थोडे थांबतो.

पिनांच्या कुलपात किल्ली ज्या गोल भागात शिरते त्याला प्लग म्हणतात, आणि तो बाहेरच्या कवचात फिरतो. कवचातून प्लगमध्ये जाणारी पाच-सहा उभी छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात दोन पिना एकावर एक बसलेल्या असतात आणि वरून स्प्रिंग त्यांना दाबत असते. किल्ली नसते तेव्हा वरच्या पिना अर्ध्या कवचात, अर्ध्या प्लगमध्ये अडकलेल्या राहतात आणि प्लग फिरू देत नाहीत. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक जोडी बरोबर तेवढीच उचलतात की दोन पिनांमधली फट कवच आणि प्लग यांच्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर येते. सगळ्या जोड्या त्या रेषेवर आल्या की प्लग मोकळा होतो. लायनस येल धाकटा याने १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेल्या रचनेत आजवर मुळातून बदल झालेला नाही.

आता, ती पाच-सहा छिद्रे कोणत्याही कारखान्यात शंभर टक्के एका रेषेत पडत नाहीत. केसभर फरक राहतोच. प्लगला किल्ली फिरवण्याच्या दिशेने हलका ताण दिला, तर त्या फरकामुळे सगळ्या पिना एकदम न अडकता आधी एकच अडकते. ती हळूच उचलली की शिअर लाइनवर ‘टक’ असा बारीक आवाज होतो, प्लग किंचित सरकतो, आणि मग दुसरी अडकते. अडकलेली पिन शोधणे, ती बसवणे आणि पुढची शोधणे, हेच काम शेवटच्या पिनेपर्यंत चालते. चुकांशिवाय बनलेले कुलूप असते, तर ते या पद्धतीने उघडलेच नसते.

४. मी ऑनलाइन हत्यारांचा संच मागवला, पण घरातल्या जुन्या कुलपावर तो काहीच करत नाही. संच खराब आहे का?

बहुधा नाही. कुलूप वेगळ्या जातीचे आहे. बाजारात मिळणारे संच पिनांच्या कुलपांसाठी असतात आणि आपल्याकडची कितीतरी टांगती कुलपे लिव्हरची असतात. गोदरेजचे नवताल हे त्याचे घरोघरी ओळखीचे उदाहरण. अलीगढहून येणाऱ्या आणि तमिळनाडूतील दिंडिगुलच्या कुलपांमध्येही लिव्हरची परंपरा मोठी आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनवण्यास सुरुवात केली, त्याआधी येथे चांगले कुलूप म्हणजे विलायती कुलूप असाच समज होता.

लिव्हरच्या कुलपात पिना नसतात, तर एकावर एक रचलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते, आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्टला, म्हणजे कुलूप बंद ठेवणाऱ्या दांड्याला, जोडलेला खुंट त्यांतून पार जातो. रॉबर्ट बॅरनने १७७८ साली यात केलेली सुधारणा महत्त्वाची होती: लिव्हर कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरीही अडते. ताण द्यायचा तो येथे थेट बोल्टवर, किल्लीच्या भोकातून खोल जाणाऱ्या वाकड्या तारेने; आणि त्याच वेळी दुसऱ्या तारेने लिव्हर एकेक उचलायच्या. तत्त्व प्रश्न ३ मधलेच आहे, हत्यार मात्र निराळे लागते. नवशिक्याने आधी पिनांच्या कुलपावर हात बसवावा आणि मगच लिव्हरकडे वळावे.

५. सुरुवातीला काय विकत घ्यावे?

फार थोडे. टेन्शन रेंच म्हणजे ताण देणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या, पिना उचलण्यासाठी एक आखूड हुक आणि एक मध्यम हुक एवढ्यावर कित्येक महिने निघतात. हुक स्प्रिंग स्टीलचे, साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे असावेत. फार स्वस्त संचातले पत्रे पहिल्याच आठवड्यात वाकतात. वीस-पंचवीस नगांचे संच दिसायला आकर्षक असतात, पण त्यांतले बहुतेक नग डब्यातच राहतात.

कुलूप पारदर्शक ॲक्रिलिकचे घ्यावे का, असेही विचारले जाते. आत काय घडते ते एकदा डोळ्यांनी पाहायला ते उत्तम आहे, पण त्यावर फार दिवस रेंगाळू नये, कारण डोळ्यांची सवय लागली की बोटांना ऐकू येणे थांबते. त्यानंतर पितळी, पिनांचे, चार किंवा पाच पिनांचे साधे कुलूप हार्डवेअरच्या दुकानातून आणावे. जुन्या बाजारातही कुलपे स्वस्त मिळतात; किल्लीसकट मिळाली तर अधिक चांगले, कारण किल्लीच्या दात्यांवरून कोणती पिन किती उचलायची याचा आधी अंदाज बांधता येतो.

६. तीन-चार पिना बसल्यासारख्या वाटतात, प्लग थोडा फिरतोही, आणि मग सगळे ठप्प होते. काय चुकते आहे?

दहापैकी आठ वेळा ताण जास्त असतो. नवशिक्याचा हात नकळत किल्ली फिरवायच्या जोराने दाबतो, आणि मग एकाऐवजी तीन पिना एकदम अडकतात. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवण्याइतका दाब बहुतेक कुलपांना पुरतो.

प्लग मात्र स्पष्टपणे काही अंश फिरून थांबला असेल, तर कुलपात स्पूल पिना असण्याची शक्यता मोठी आहे. ही पिन मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असते. ती तिरकी होऊन अडकते आणि सगळे जमल्याचा भास निर्माण करते. अशा वेळी ताण अगदी थोडा सैल सोडून तीच पिन उचलत राहावी. प्लग किंचित उलटा येतो, मग पिन सुटून खरी बसते. सैल करताना आधी बसलेली एखादी पिन खाली पडू शकते. ती पुन्हा बसवावी आणि वैतागून ताण वाढवू नये. करवतीसारखे दाते असलेल्या पिना याहून त्रासदायक असतात, कारण त्या बसण्याआधी अनेकदा खोटे ‘टक’ देतात.

७. माझ्याच घराच्या दाराचे कुलूप आहे. त्यावर सराव केला तर काय बिघडते?

कुलूप बिघडते, आणि तेही तुम्ही ज्या दिवशी त्यावर विसंबून बाहेर पडाल त्या दिवशी. हुकचे टोक तुटून आत राहते, स्प्रिंग दबून पडते, पिनांच्या कडा झिजतात, आणि किल्लीने न फिरवलेला प्लग अर्धा वळसा फिरला तर वरच्या पिना भलत्याच खाचेत उतरून दार ना उघडत ना बंद होत. हे रविवारी संध्याकाळी घडले, तर छंदाचा खर्च चावीवाल्याच्या खर्चात बदलतो. घराचे कुलूप किती चांगले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच मॉडेलचे दुसरे विकत आणून टेबलावर तपासावे.

८. मुलाला शिकवावे का? तो तेरा वर्षांचा आहे.

शिकवावे, पण घरातल्या मोठ्या माणसासमोर आणि प्रश्न १ मधले दोन नियम आधी सांगून. यंत्र कसे चालते याची ओढ या वयात असते आणि हे काम तिला चांगले खाद्य पुरवते. शाळेत हत्यारे न्यायची नाहीत आणि मित्रांच्या सायकलींच्या कुलपांवर ‘गंमत’ करायची नाही, हे दोन नियम मोडले तर डबा मोठ्यांकडे जमा करावा.

९. दार ओढले गेले, लॅच लागले, किल्ली आत. पहिल्यांदा काय करू?

आत कोणी अडकलेले नसेल आणि गॅसवर काही नसेल, तर पहिल्यांदा काहीच करू नये. पाच मिनिटे विचार करावा. आत मूल किंवा आजारी माणूस असेल तर थेट प्रश्न १० वाचावा.

दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते आधी आठवावे: जोडीदार, भाऊ, कामाला येणाऱ्या ताई, जुना भाडेकरू, गावाकडचे घर. तासाभराने किल्ली घेऊन कोणी येणार असेल, तर शेजारी बसून चहा घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मागचे दार, बाल्कनीचे सरकते दार, तळमजल्याची खिडकी उघडी आहे का ते पाहावे. मात्र वरच्या मजल्यावर शेजाऱ्याच्या बाल्कनीतून किंवा छज्जावरून पलीकडे जाण्याचा प्रयत्न कोणीही, कितीही सराईत असला तरी, करू नये. असे पडून माणसे दगावलेली आहेत, आणि ती किल्लीसाठी.

चित्रपटांत दिसते तसे कार्ड सरकवून उघडण्याचा मोह बहुतेकांना होतो. कार्डाने मागे ढकलता येते ती फक्त स्प्रिंगची तिरकी जीभ. किल्लीने दुहेरी बंद केलेल्या लॅचला किंवा डेड बोल्टला (स्प्रिंग नसलेल्या सरळ दांड्याला) कार्ड काहीही करू शकत नाही. शिवाय आपल्याकडे सदनिकांची मुख्य दारे बहुधा आत उघडतात आणि लाकडी चौकटीची खाच जिभेच्या आड येते, त्यामुळे कार्ड तिथपर्यंत पोचतच नाही. बँकेचे कार्ड मोडून घेण्यापेक्षा चावीवाल्याला बोलवावे (प्रश्न ११).

छंद असलेल्यांसाठी वेगळे सांगतो. जिन्यातल्या अंधारात, शेजाऱ्यांच्या गराड्यात, घाम आलेल्या बोटांनी टेबलावरचे कौशल्य निम्मेही राहत नाही. घर तुमचे असेल, लॅच पिनांचे असेल आणि वेळ असेल, तर एकदा शांतपणे प्रयत्न करण्यास हरकत नाही; त्याआधी सोसायटीच्या वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. दुसऱ्याच्या दारावर मात्र प्रयत्न करू नये, अगदी त्यांनी विनंती केली तरी. ती व्यक्ती खरोखर तेथे राहते का, याची खात्री करणे हे तुमचे काम नाही आणि चुकल्यास प्रश्न २ मधली कलमे तुम्हाला लागू होतात.

हे पुन्हा घडू नये म्हणून एक सोपी गोष्ट करता येते. बहुतेक लॅचना आतून एक खटका असतो. कचरा ठेवायला किंवा दूध घ्यायला बाहेर पाऊल टाकण्याआधी तो लावला की जीभ मागेच अडकून राहते. आणि एक जादा किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असावी. पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा मीटरच्या पेटीत ती ठेवू नये. चोरही आधी तेथेच पाहतात.

१०. आत लहान मूल आहे, किंवा गॅस चालू राहिला आहे. काय करावे?

येथे कुलपाची किंमत शून्य आहे. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक ताबडतोब फिरवावा. बंद दारामागे अडकलेल्या मुलांना आणि वृद्धांना बाहेर काढणे हे त्यांच्या नित्याच्या कामांपैकी आहे आणि त्यांच्याकडे शिड्या व अवजारे असतात. तोपर्यंत एकाने दाराशी बसून मुलाशी शांत आवाजात सतत बोलत राहावे. मूल मोठे असेल तर त्याला लॅचचा खटका कोणत्या बाजूला फिरवायचा ते सांगता येते, आणि पुष्कळदा दार तसेच उघडते. जो दार तोडणार असेल त्याने आधी मूल दारापासून दूर गेल्याची खात्री करावी.

गॅसचा वास येत असेल तर दारावरची विजेची घंटी वाजवू नये, जिन्यातले दिवे चालू-बंद करू नयेत आणि ड्रिल चालवू नये, कारण ठिणगी पुरेशी असते. लोकांना लांब करावे, १०१ ला कळवावे आणि सिलिंडरच्या गळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावरही सांगावे.

११. चावीवाला बोलावताना काय पाहावे?

दिवसा शांतपणे शोधून ठेवलेला क्रमांक हा रात्री अकराला इंटरनेटवर पहिला सापडलेल्या क्रमांकापेक्षा केव्हाही चांगला. फोनवरच कुलपाचा प्रकार सांगून एकूण रक्कम विचारावी: येण्याचे, उघडण्याचे, आणि नवे कुलूप लागले तर त्याचे. आल्याबरोबर न तपासता ‘ड्रिलच करावे लागेल’ असे जो म्हणतो, त्याला थांबवून कारण विचारावे. ड्रिल हा शेवटचा उपाय आहे आणि काही उंची कुलपांवर तो लागतोही, पण साधे लॅच कसबी माणूस बहुधा न मोडता उघडतो.

चांगला चावीवाला तुम्हालाही प्रश्न विचारतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा शेजाऱ्यांची साक्ष मागितली तर रागावू नये. जो काहीच न विचारता उघडतो तो उद्या दुसऱ्या कोणासाठी तुमचे दारही तसेच उघडेल. कागदपत्रे आतच असतील तर दार उघडल्यावर दाखवण्याचे आधी सांगावे. काम संपल्यावर बनवलेल्या सगळ्या किल्ल्या मोजून घ्याव्यात.

१२. किल्ली कुलपातच तुटली. फेव्हिक्विकने चिकटवून ओढली तर?

मुळीच नको. गोंद पिनांवर उतरतो आणि दुरुस्त होऊ शकणारे कुलूप कायमचे जाते. दुसरी किल्ली घालून तुकडा आत ढकलणेही तितकेच वाईट. आधी प्लग किल्ली काढण्याच्या मूळ स्थितीत आहे का पाहावे. थोडा फिरलेला असेल तर पातळ पेचकसाने अलगद परत आणावा, कारण फिरलेल्या स्थितीत पिना तुकडा सोडत नाहीत. तुकडा जरासा बाहेर असेल तर बारीक तोंडाच्या पकडीने सरळ ओढावा. आत असेल तर बारीक करवतीचे पाते, दाते बाहेरच्या दिशेला ठेवून, किल्लीच्या दातेरी बाजूने आत सरकवून मागे खेचावे. दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. ते जुळवून त्यांवरून नवी किल्ली कापता येते.

१३. पावसाळ्यात कुलूप घट्ट होते. खोबरेल तेल घातले तर चालेल?

त्या दिवशी चालते, पुढे नाही. तेलावर धूळ बसून चिकटा तयार होतो, आणि खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणजे पुण्या-नाशकाच्या थंडीत कुलूप पुन्हा अडते. शिसपेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दात्यांवर घासून ती काही वेळा आत-बाहेर करावी. ग्रॅफाइटची कोरडी पूड मिळाली तर आणखी चांगले. आधी तेल घातलेले असेल तर त्यावर ग्रॅफाइट घालू नये, त्याचा लगदा होतो. कोकण किनाऱ्यावर खारी हवा लोखंड खाते. तेथे फाटकाला पितळी कुलूप लावावे.

१४. किल्ली हरवली आहे, दुसरी आहे. कुलूप बदलायलाच हवे का?

किल्ली कोठे हरवली यावर ते ठरते. समुद्रात किंवा प्रवासात, पत्त्याशी संबंध न जोडता येण्याजोगी हरवली असेल तर घाई नाही. पाकिटाबरोबर, आधार कार्डाबरोबर किंवा इमारतीच्या परिसरात हरवली असेल तर त्याच दिवशी बदलावे. लॅचमध्ये पुष्कळदा संपूर्ण कुलूप न बदलता फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो भाग, बदलता येतो आणि खर्च कमी होतो.

नवी किल्ली कापून घेताना नेहमी मूळ किल्लीवरून घ्यावी. नकलेवरून नक्कल काढत गेले की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते आणि चौथी-पाचवी किल्ली अडखळू लागते. नव्या घराचा ताबा मिळाल्यावर हातात किल्ली धरून काढलेले छायाचित्र सर्वांना दाखवण्याची आता पद्धत पडली आहे. आनंद समजू शकतो, पण स्पष्ट छायाचित्रावरून दात्यांची खोली वाचता येते. किल्लीचे पाते मुठीत झाकावे. तसेच पार्किंगवाल्याला गाडीच्या किल्लीबरोबर घराचा जुडगा देऊ नये.

१५. डिजिटल कुलपाची बॅटरी संपली आणि मी बाहेर आहे.

बाहेरच्या पॅनेलच्या खालच्या कडेला दोन छोटे धातूचे बिंदू किंवा यूएसबीचे तोंड असते का पाहावे. बिंदूंना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरली की कुलूप तात्पुरते जागे होते आणि आकडा घेते. बहुतेक मॉडेलांना साधी किल्लीही असते. ती घराच्या आतल्या कपाटात ठेवलेली असेल तर तिचा काहीच उपयोग नाही, म्हणून ती प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे बाहेर कोणाकडे तरी असावी.

१६. गाडीत किल्ली राहिली. काचेतून पट्टी घालून उघडू का?

जुन्या गाड्यांवर ते चालायचे. आताच्या दारांत विजेच्या तारा आणि काही गाड्यांत एअरबॅगचे भाग असतात. पट्टीने त्यांचे नुकसान होते. घरची दुसरी किल्ली मागवावी किंवा विम्याबरोबर घेतलेली रस्त्यावरील मदतीची सेवा असेल तर तिला बोलवावे. किल्ली हरवलीच असेल, तर चिप असलेल्या किल्लीची नुसती धातूची नक्कल दार उघडेल, पण इंजिन सुरू करणार नाही.

उन्हात बंद गाडीत मूल किंवा प्राणी असेल तर ही सारी चर्चा गैरलागू आहे. ११२ ला कळवावे, आणि अवस्था वाईट दिसत असेल तर मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडावी. समोरची काच थरांची असते, ती फोडण्यात वेळ घालवू नये.

१७. प्रवासी बॅगेचा तीन आकडी क्रमांक विसरलो.

एकूण शक्यता १००० आहेत. ००० पासून क्रमाने, प्रत्येक आकड्यावर खटका दाबत गेले तर साधारण अर्ध्या तासात बॅग उघडतेच, आणि काहीही मोडत नाही.

१८. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली. माझा ओळखीचा चावीवाला नेऊ शकतो का?

नाही. लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो आणि ग्राहकाच्या किल्लीची नक्कल बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या सुधारित सूचनांनुसार किल्ली हरवल्याचे ग्राहकाने बँकेस लगेच कळवायचे असते; लॉकर बँक किंवा तिचा अधिकृत तंत्रज्ञच उघडतो, आणि उघडण्याचा, कुलूप बदलण्याचा खर्च ग्राहकाकडून घेतला जातो. हरवलेली किल्ली पुढे सापडली तर ती बँकेला परत करावी लागते.

१९. ‘आपलेच’ असलेले कुलूप उघडायला कायद्याची अडचण कधी येते?

असे तीन प्रसंग वारंवार कळवले जातात. पहिला म्हणजे घरमालकाने भाडेकरूच्या खोलीला वरून कुलूप लावणे, किंवा भाडे थकले म्हणून कुलूप बदलणे. मालकी आहे म्हणून ताबा असा परस्पर घेता येत नाही. त्याला न्यायालयाची वाट धरावी लागते. असे बाहेर काढलेल्या व्यक्तीला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. भाडेकरूने स्वतः कुलूप तोडून भांडण वाढवण्यापेक्षा छायाचित्रे काढावीत, पोलिसांत लेखी कळवावे आणि वकील गाठावा.

दुसरा, बंद सदनिकेतून पाणी गळते आहे. सोसायटीने आधी मालकाशी फोनवर आणि लेखी संपर्क करावा, इमारतीची त्या घराकडे जाणारी नळजोडणी बंद करावी, आणि उघडणे खरोखर अटळ असेल तर पोलिसांना कळवून, पंचांसमोर, चित्रीकरण करून उघडावे व नवे कुलूप लावून किल्ली मालकासाठी जपावी. दारावर न्यायालयाचे, बँकेचे किंवा महापालिकेचे सील असेल तर त्याला कोणीही हात लावू नये.

तिसरा प्रसंग मनाला लागणारा असतो. वडील गेले, आणि त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नाही. ही कुलपे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसतात. चावीवाला ती न मोडता उघडतो आणि नवी किल्लीही बनवून देतो. घाई मात्र करू नये. आत मृत्युपत्र, दागिने, ठेवींच्या पावत्या असू शकतात, आणि एकट्याने उघडलेले कपाट भावंडांमध्ये आयुष्यभराचा संशय पेरते. सर्व वारसांना कळवून, शक्यतो सगळे हजर असताना, दोन तटस्थ माणसांसमोर उघडावे, सापडलेल्या वस्तूंची यादी जागेवरच लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. जो दूर आहे त्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावे. आधीपासूनच वाद असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कुलपाला हात लावू नये.

२०. मी परदेशात राहतो. हत्यारे सोबत नेऊ का?

त्या देशाचा कायदा पाहिल्याशिवाय नेऊ नयेत. जपानने २००३ साली खास कायदा करून कुलूप उघडण्याची विशिष्ट साधने योग्य कारणाशिवाय बाळगण्यास मनाई केली आहे. इंग्लंडमध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्याचे कलम २५ घराबाहेर घरफोडीसाठी वापरायचे साधन जवळ असण्याला लागू होते. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे: पुष्कळ राज्यांत हेतू सिद्ध करावा लागतो, तर व्हर्जिनियासारख्या राज्यात हत्यारे जवळ असणे हाच वाईट हेतूचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. विमानात न्यायचीच असतील तर ती हातातल्या बॅगेत न ठेवता चेक-इन सामानात ठेवावीत. बॅगेला ‘टीएसए’ची (अमेरिकेच्या प्रवास-सुरक्षा यंत्रणेची) खूण असलेले कुलूप असेल तर अमेरिकी तपासनीस ते आपल्या किल्लीने उघडू शकतात, त्या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली एका अमेरिकी वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्या वर्षी त्यांचे छापता येण्याजोगे आराखडे इंटरनेटवर पसरले, म्हणून अशा बॅगेत दागिने किंवा मूळ कागदपत्रे ठेवू नयेत.